डीडी तयार आहे, फक्त जीएसटी भरा

या महिन्यात टाइमशेअरवरची इतकी पत्रं आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते. टाइमशेअर, म्हणजेच हॉलिडे मेंबरशिप : आधी मोठी रक्कम भरायची आणि मग दर वर्षी रिसॉर्टमध्ये ठरावीक दिवस राहायचा हक्क मिळवायचा. (लॉकरच्या चावीबद्दल लिहिणारे पेणचे काका, तुमचं पत्र वाचलंय, राग नसावा.) नाव कुणाचंच छापलेलं नाही. हॉटेलात बसून चेक फाडला हे शेजाऱ्यांना कळावं असं कुणालाच वाटत नाही, आणि मलाही ते चांगलं ठाऊक आहे. का, ते पुढे सांगते.

प्रश्न : मॅडम, 2008 साली ठाण्याच्या एका मॉलमध्ये सौ.ने लकी ड्रॉचं कूपन भरलं. दोघांनी जोडीनेच यायचं अशी अट होती. सांगितलेल्या हॉटेलात गेलो, आणि 25 वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घेऊन बाहेर आलो. 2 लाख 10 हजार रुपये, हप्त्याने. इतक्या वर्षांत सात वेळा गेलो असू. सुट्टीत बुकिंग मिळत नाही आणि वर्षाचं मेंटेनन्स मात्र न चुकता येतं. गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मेंबरशिप नंबर, सीझन, रूमचा प्रकार, सगळं तिनेच मला सांगितलं. एक कॉर्पोरेट क्लायंट 4 लाख 60 हजारांना घ्यायला तयार आहे म्हणाली. रजिस्ट्रेशनचे 11,800 मी भरले. आता जीएसटी आणि एनओसी मिळून 38,400 भरा, व्यवहार झाला की परत मिळतील, असं सांगतात. डीडी (बँकेचा डिमांड ड्राफ्ट) माझ्या नावाने तयार आहे, फोटो सोबत जोडला आहे. मुलगा म्हणतो लफडं आहे. सौ. म्हणते, अकरा हजार गेलेच आहेत, आता मागे कशाला फिरायचं? (सेवानिवृत्त, डोंबिवली)

उत्तर : 38,400 भरू नका. पुढचं वाचायच्या आधी 1930 या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी नंबर आहे. 11,800 कुठल्या खात्यात गेले, किती तारखेला, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं हाताशी ठेवा. मग तुमच्या बँकेत लेखी अर्ज द्या. महिना उलटलाय, त्यामुळे पैसे त्या खात्यात अजून पडून असतील अशी आशा थोडीच आहे, पण तक्रारीचा क्रमांक हातात असू द्या. आणि त्या मुलीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज रागाच्या भरात पुसू नका, पुरावा तेवढाच आहे.

आता तो डीडी. मी एका सहकारी बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी डीडीवर सह्या करण्यात गेली. तुमचा फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. तुमचं नाव आहे, रक्कम आहे, बँकेचं बोधचिन्ह झोकात आहे. पण डीडी कुणी काढला त्याचं नाव कुठेच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 15 सप्टेंबर 2018 पासून डीडी काढणाऱ्याचं नाव डीडीच्या तोंडावरच छापावं लागतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात हे सुरू झालं, म्हणून पक्कं लक्षात आहे. 20 हजार आणि त्यावरच्या डीडीवर 'अकाउंट पेयी'च्या दोन रेघा हव्यातच, त्याही नाहीत. सही एकच, आणि तिच्याखाली अधिकाऱ्याचा क्रमांक नाही. आमच्या शाखेत चार लाखांचा डीडी एका सहीने बाहेर पडला असता तर ऑडिटरने आम्हाला उभं सोललं असतं. शिवाय तुमच्या आडनावातली अक्षरं शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड आहेत. दुसऱ्या कुणाचं नाव पुसून तिथे तुमचं बसवलंय.

पण समजा, डीडी खरा आहे. डीडी काढला म्हणजे घेणाऱ्याच्या खात्यातून 4 लाख 60 हजार आधीच वजा झाले. एवढे पैसे बाजूला काढून बसलेल्या माणसाला तुमच्याकडचे 38,400 त्यातून वळते करून घेता येत नाहीत? हा एकच प्रश्न त्या मुलीला विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका. 'सर, कंपनी पॉलिसी नाही,' असं म्हणेल. मलाही तेच उत्तर मिळालं होतं.

जीएसटीचं तर बघायलाच नको. जीएसटी भरतो तो नोंदणी असलेला व्यावसायिक, आणि तो सरकारच्या चलनाने भरतो. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने स्वतःची जुनी मेंबरशिप विकताना कुणातरी 'एंटरप्रायझेस'च्या चालू खात्यात जीएसटी भरायचा, असा कायदा नाही. मधल्या दलालाने कमिशन घेतलं तर त्याच्या कमिशनवर जीएसटी लागेल, आणि तोही त्याने बिल दिल्यावर. तुमचे 11,800 म्हणजे 10 हजार अधिक 18 टक्के. हा आकडा मुद्दाम असा बेतलेला असतो. कुणी सरळ दहा हजार मागितले तर आपण दचकतो. अकरा हजार आठशे मागितले की वाटतं, हिशोब केलाय, म्हणजे ऑफिस असणार.

त्यांच्या पावतीवर जीएसटी नंबर आहे, तोही पाहिला. पंधरा अक्षरांच्या या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात (महाराष्ट्राचे 27), आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा आहे. कंपनी असेल तर इंग्रजी सी, भागीदारी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलंय आणि नंबरात सहावं अक्षर पी आहे. हाच नंबर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता टाकता येतो, आणि तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. मात्र नाव जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्याच्या खऱ्या दुकानाचा नंबर उचलून छापणारेही आहेत. नंबर जुळला नाही तर चोर पकडला गेला. जुळला तरी काहीच सिद्ध झालं नाही.

सौ.ना माझं वेगळं सांगणं आहे. 'अकरा गेलेच आहेत' या वाक्यावरच या लोकांचं पोट चालतं. 38 भरलेत की स्टँप ड्यूटी येईल, मग टीडीएस, मग 'आरबीआय क्लिअरन्स', आणि दर वेळी मागचं सोडवायला पुढचं भरा म्हणतील. तुमच्या मुलाच्या मते बाबा हावरटपणामुळे फसले. मला तसं वाटत नाही. 2008 साली त्या हॉटेलात केलेली चूक ही चूक नव्हती, बघा, दुप्पट झाले, असं घरात एकदा म्हणता यावं, याची ती भूक असते. चोराला ती फोनवरसुद्धा ऐकू येते.

मला ती ओळखता येते, कारण 1997 साली आम्ही गोव्याला गेलो होतो. कळंगुटच्या किनाऱ्यावर स्कूटरवरून आलेल्या एका जोडप्याने आमच्या हातात स्क्रॅच कार्ड दिलं. आमच्या ह्यांचं रिकामं निघालं. माझ्या कार्डावर पहिलं बक्षीस! टॅक्सी हजर, लिंबू सरबत हजर, साडेतीन तास गोड बोलणं, आणि कुणी सही केली की मागच्या बाजूला फुगा फोडून टाळ्या. कर्जाच्या अर्जावरचा पगाराचा खोटा दाखला एका नजरेत ओळखणारी मी, तिथे 60 हजारांचा चेक लिहून मोकळी झाले. दर वर्षी एक आठवडा, तोही ऐन पावसाळ्यातला. चार वेळा गेलो, त्यातल्या दोन वेळा खोलीत पत्ते खेळत बसलो. पुढे फोन सुरू झाले. पहिल्याने दीड लाख देऊ केले, दुसऱ्याने दोन. 'आधी 9 हजार भरा' म्हटल्यावर मी त्याला तेच वळतं करून घेण्याचं विचारलं आणि त्याने पॉलिसी सांगितली. शेवटी 2014 मध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीने ती मेंबरशिप 9 हजारांना घेतली. 60 चे 9! ट्रान्स्फर फी तिनेच भरली. ह्यांनी त्या दिवशी श्रीखंड आणलं. दर जूनमध्ये येणारं देखभालीचं बिल आता येणार नव्हतं, श्रीखंड त्याचं होतं.

तेव्हा तुमची मेंबरशिप विकायची तर आधी किंमत मनाशी ठरवा, आणि ती कमी ठरवा. 2033 ला ती संपते. उरलेली थोडीशी वर्षं, वर दर वर्षी मेंटेनन्स आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. कंपनी नवीकोरी मेंबरशिप हप्त्याने विकत असताना तुमची जुनी दुप्पट भावाने घेणारा कॉर्पोरेट क्लायंट मला तरी अजून भेटलेला नाही. जुनी बजाज नव्या गाडीच्या भावात जात नाही.

कपाटातून मूळ करार काढा. हस्तांतराचं कलम शोधा. ते कुठेतरी बारीक अक्षरांत, अकराव्या-बाराव्या पानावर असतं. काही करारांत हस्तांतर फक्त कुटुंबात चालतं, काहींत ठराविक वर्षांनंतर, आणि बहुतेक ठिकाणी थकबाकी शून्य असावी लागते. मग कंपनीला ईमेल करा, फोन नको. पत्ता करारावरचा किंवा तुमच्या जुन्या पावतीवरचा घ्या, गुगलवर शोधलेला नको, कारण तिथेही यांनी नंबर पेरून ठेवलेले असतात. ईमेलमध्ये चार गोष्टी विचारा : माझी थकबाकी किती, हस्तांतर होतं का, फी किती आणि ती कुणी भरायची, मेंबरशिप परत करायची तर काय मिळेल. बहुधा काही मिळणार नाही, पण मेंटेनन्स थांबत असेल तर तेही विचारात घ्या.

गिऱ्हाईक ओळखीत शोधा. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळ, मुलाचं ऑफिस. एखाद्या तरुण जोडप्याला लहान मूल असतं, वर्षातून दोनदा कुठेतरी जायचंच असतं, त्यांना हे उपयोगी पडतं. पैसे त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात यावेत. ते जमा झाल्याचं पासबुकात स्वतः बघा (बँकेसारखा दिसणारा एसएमएस कुणीही पाठवू शकतो) आणि मगच ट्रान्स्फर फॉर्मवर सही करा. कोरा फॉर्म सही करून कुणाला देऊन ठेवू नका. मेंबरशिपच्या पोर्टलचा ओटीपीही कुणाला सांगू नका. ओटीपी मिळाला की तुमचे साठवलेले दिवस दुसराच कुणी मनालीत घालवून येतो.

गिऱ्हाईक नाहीच मिळालं तर कराराप्रमाणे पाहुण्याच्या नावाने बुकिंग चालतं का ते बघा. वर्षाचे दिवस पुतण्याला द्या, मेंटेनन्स त्याच्याकडून घ्या. नातं टिकतं आणि बिलही निघतं.

प्रश्न : ताई, दीड वर्षापूर्वी याच प्रकारात माझे 86 हजार गेले. लाजेने तक्रार केली नाही. आता 'दिल्ली उपभोक्ता न्यायालया'तून फोन येतो की त्या टोळीला पकडलंय, माझ्या नावाने 86 हजार अधिक व्याज मंजूर झालंय. 4 टक्के फाइल चार्ज भरायचा आणि फोनवर एक अ‍ॅप घ्यायचं, म्हणजे ते पैसे कसे घ्यायचे ते दाखवतील. त्यांना माझी रक्कम अगदी पैशापर्यंत ठाऊक आहे. (सांगली)

उत्तर : रक्कम ठाऊक असणारच, ती त्यांनीच घेतलीय! किंवा ज्यांनी घेतली त्यांनी तुमच्या नावाची यादी यांना विकलीय. एकदा पैसे भरलेल्या माणसाचं नाव त्या बाजारात महाग जातं.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर 'ग्राहक मंच' हे नावसुद्धा राहिलेलं नाही, आता 'आयोग' आहे. आयोग फोन करून पैसे वाटत नाही. तुम्ही तक्रारच केली नाही तर तुमच्या नावाने निकाल कुठून लागेल? ते अ‍ॅप घेतलं की तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसतो, पिन टाकताना बोट कुठे जातंय तेही. आणि पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन पैसे पाठवायला लागतो, हे स्वयंपाकघरात फ्रिजवर लिहून चिकटवा.

तुमचे 86 हजार चोराकडे गेलेत, म्हणून रस्ता पोलिसांचा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर आजच तक्रार नोंदवा, शिवाय पोलीस ठाण्यात लेखी द्या. उशीर झालाय म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर हात हलवत परतू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. या नव्या फोनची माहिती दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या सोयीत टाका.

मूळ मेंबरशिप देताना कंपनीने केलेली फसवाफसवी ही वेगळी गोष्ट. त्यासाठी ग्राहक आयोग आहे, आणि दिल्लीला जायची गरज नाही. नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच तक्रार करता येते. मेंबरशिपसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क शून्य. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. उशीर झाला असेल तर त्याचं कारण पटवून द्यावं लागतं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. तिथे मराठीत बोलता येतं.

लाजेबद्दल एवढंच, की माझ्या 60 हजारांची गोष्ट मी माझ्या सासूबाईंना त्या असेपर्यंत सांगितली नव्हती.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मेक्सिकोत कानकूनला सुट्टीवर असताना टाइमशेअर घेतलं. आता ऑर्लँडोच्या एका ब्रोकरने मेक्सिकन खरेदीदार आणलाय. पैसे एस्क्रोमध्ये (व्यवहार पुरा होईपर्यंत तिसऱ्याकडे ठेवलेल्या खात्यात) जमा आहेत, पण मेक्सिकन सरकारचा कर म्हणून 3,200 डॉलर आधी मेक्सिकोला वायर करायला सांगतो. कागदपत्रं अगदी पक्की दिसतात. (एडिसन)

उत्तर : डोंबिवलीच्या पत्रातला डीडी काढा, तिथे एस्क्रो घाला, जीएसटीच्या जागी मेक्सिकोचा कर घाला. तुमचंच पत्र होईल.

फरक एकच, तो म्हणजे पलीकडे कोण बसलंय. अमेरिकेच्या अर्थखात्याने 2023 मध्ये आणि पुन्हा जुलै 2024 मध्ये मेक्सिकोतल्या पुएर्तो व्हायार्ता भागातल्या टाइमशेअर फसवणुकीत गुंतलेल्या कंपन्यांवर आणि माणसांवर निर्बंध घातले. त्यांचा संबंध तिथल्या हालिस्को राज्यातल्या अमली पदार्थांच्या टोळीशी लावला गेला. ही टोळी मेक्सिकोतल्या कॉल सेंटरमधून अस्खलित इंग्रजीत अमेरिकन ब्रोकर, वकील, एस्क्रो कंपनी, सगळ्यांची सोंगं आणते. तुम्ही ज्याच्याशी वाद घालताय तो दुकानदार नाही. वाद घालू नका, फोन ठेवा.

काही रक्कम आधीच वायर केली असेल तर आजच बँकेला 'रिकॉल', म्हणजे पाठवलेले पैसे परत मागवायला, सांगा आणि एफबीआयच्या आयसी-थ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवा. ब्रोकरचा परवाना त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा. मग संकेतस्थळावर दिलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करून विचारा. खऱ्या ब्रोकरचं नाव वापरलेलं असेल तर तो बिचारा तुमच्यासारखाच हैराण झालेला सापडेल.

आणि तुमच्या ओळखीतलं कुणी परवाच तिथे सही करून आलं असेल तर त्यांना आजच सांगा. मेक्सिकोत करार रद्द करायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. आपल्याकडेही अनेक करारांत दहा दिवसांची अशी मुदत लिहिलेली असते. माझ्या करारातही होती. मी ती अकराव्या दिवशी, मुंबईच्या घरी बॅगा उपसताना वाचली.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या मेंबरशिपचं तीन वर्षांचं थकलेलं मेंटेनन्स कंपनी माझ्याकडे मागते. मी कुठेही सही केलेली नाही. भरलं नाही तर माझा सिबिल स्कोअर खराब होईल म्हणतात. (नगर)

उत्तर : वडिलांचं देणं हे त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतं. तुमच्या पगारातून ते फेडायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तुम्ही कर्जदार नाही, सहीदार नाही, मग तुमच्या स्कोअरचा प्रश्न येतोच कुठे?

पण गप्पही बसू नका. आणि 'तुमच्या नावावर करून घ्या, मग विकायला सोपं जाईल' असं कुणी सुचवलं तर हस्तांतराचा फॉर्म भरू नका. ज्या दिवशी नाव लागेल त्या दिवसापासून मेंटेनन्स तुमचं. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून चार ओळींचं पत्र लिहा : मेंबर अमुक तारखेला वारले, वारस मेंबरशिप पुढे चालवू इच्छित नाहीत, ती बंद करावी, मूळ करारातल्या कुठल्या कलमाने माझ्याकडे मागणी होतेय ते लेखी कळवावं. रजिस्टर पोस्ट आता राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टात मिसळलं. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती मागून घ्या. त्यानंतर वसुलीचा फोन आला तर त्या पत्राची तारीख सांगायची आणि फोन ठेवायचा.